४३० सेंटिमॉर्गनचं नातं

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका मूळच्या सांगलीच्या, लग्नानंतर मॅसॅच्युसेट्समध्ये स्थायिक. नवऱ्याचं घराणं दोन्हीकडून अझोर्स बेटांवरचं, म्हणजे पोर्तुगीज. सासरे साओ मिगेल बेटावरच्या लोकांपैकी. सासूबाईंचे वडील फ्लोरेस बेटावरून १९२०मध्ये अमेरिकेत आले आणि कापडगिरणीत लागले, असं सासूबाई सांगत आल्या आहेत. सतरा वर्षांच्या लेकीनं नाताळात बाबाला डीएनए टेस्टचं किट भेट दिलं. निकालात पोर्तुगाल ८१ टक्के, स्पेन ९, उत्तर आफ्रिका ४, ज्यू ३ आणि उरलेलं किरकोळ आलं. फ्लोरेसचं नाव कुठेच नाही. सासूबाईंच्या वडिलांचा, म्हणजे नवऱ्याच्या आजोबांचा, अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज घरात जपून ठेवलाय; त्यावर जन्मगाव ‘पोंता देल्गादा’ लिहिलंय आणि ते तर साओ मिगेलवरचं मोठं शहर! म्हणजे फ्लोरेसची गोष्ट खोटीच, असं लेकीनं ठरवून टाकलं. एवढ्यात टोरांटोच्या एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंचा निरोप आला. नवऱ्याशी त्यांचा ४३० सेंटिमॉर्गनचा डीएनए जुळतो (सेंटिमॉर्गन हे डीएनएचा जुळणारा भाग मोजायचं एकक), सलग जुळणारा सगळ्यात लांब तुकडा ७१चा. त्यांची आई फ्लोरेसवर १९२०च्या सुमाराला जन्मली, पण नोंदीत वडिलांचं नाव नाही. “तुमच्या घरातलं कुणी तेव्हा तिथून निघालं होतं का?” एवढंच त्यांनी विचारलंय. मार्चमध्ये सासूबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी वंशवृक्षाची मोठी फ्रेम भेट द्यायची लेकीची तयारी चालू आहे. नवरा म्हणतो, जुनं उकरू नका. पत्रलेखिका विचारतात: “ताई, सासूबाईंना सांगायचं का? आणि कसं? त्यांच्या वडिलांनी त्यांच्याशी आयुष्यभर खोटं बोललं, हे मी सून म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?”

उत्तर:

तुमचं पत्र वाचून पहिली गोष्ट ही सांगावीशी वाटली की आजोबा कुठून आले याबद्दल ते खोटं बोलले असं मानायला तुमच्याकडे काहीही आधार नाही. फ्लोरेस बेटाच्या उत्तर टोकालाही पोंता देल्गादा नावाचं एक गाव आहे. छोटंसं, समुद्राच्या कडेला. नागरिकत्वाचा अर्ज भरणाऱ्या कारकुनानं गावाचं नाव लिहून सोडून दिलं असणार. बेटाचं नाव लिहायला त्याला कुणी सांगितलं नसेल. हा घोटाळा अझोर्सच्या कागदांत पदोपदी होतो. सांता क्रूझ फ्लोरेसवर आहे, ग्रासिओझावर आहे आणि तिकडे मदेरा या दुसऱ्या पोर्तुगीज बेटावरही आहे. लाजेस नावाची गावं फ्लोरेस, पिको आणि तेर्सेइरा अशा तिन्ही बेटांवर सापडतात. जहाजाच्या याद्यांत तर आणखी गंमत. निघायचं बंदर फायाल बेटावरचं असलं की प्रवासी कुठल्याही बेटाचा असो, अनेकदा ‘फायालचा’ म्हणून नोंदवला जायचा. तेव्हा लेकीला सांगा, आजीची गोष्ट आणि अर्जावरचं गाव एकमेकांशी भांडत नाहीत. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आता टक्केवारी. फ्लोरेसचं नाव आलं नाही म्हणून फ्लोरेस नाही, हा निष्कर्ष टेस्टमधून निघत नाही. ही बेटं पंधराव्या शतकात पोर्तुगीज तिथे जाऊन राहीपर्यंत निर्मनुष्य होती. तिथले ‘मूळचे’ लोक असे कुणी नाहीतच. मुख्य भूमीवरच्या पोर्तुगालमधून शेतकरी आले, मदेरावरून काही आले, फायाल आणि तेर्सेइरावर फ्लँडर्सहून (आजच्या बेल्जियमकडून) माणसं आली. १४९७मध्ये पोर्तुगालात सक्तीनं ख्रिस्ती केलेल्या ज्यूंचे वंशज आले, आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेलेही होते. कंपनी तुमच्या नवऱ्याचा डीएनए आज जिवंत असलेल्या काही नमुना-माणसांच्या डीएनएशी ताडून पाहते आणि अंदाज बांधते. त्या अंदाजात बेटावरचा माणूस सहसा ‘पोर्तुगाल’ असाच दिसणार. ४ टक्के उत्तर आफ्रिका आणि ३ टक्के ज्यू पाहून कुणी दचकायचं कारण नाही. पोर्तुगालच्या दक्षिण टोकावर १२४९पर्यंत मुस्लीम सत्ता होती, त्यामुळे असे अंश मुख्य भूमीवरच्या पोर्तुगीजांतही मिळतात. एवढ्या लहान आकड्यांवरून अमुक एक पूर्वज अमुक होता असं बोट ठेवता येत नाही. पुढच्या वर्षी कंपनीनं नमुने बदलले की हेच आकडे बदलतील. काही कंपन्या टक्केवारीशेजारी वेगळा ‘समुदाय’ दाखवतात, त्यात कधी अझोर्सचं किंवा एखाद्या बेटाचंही नाव येतं. तो भाग जुळणाऱ्या नातेवाइकांच्या जाळ्यावरून काढलेला असतो, म्हणून माझा त्याच्यावर टक्केवारीपेक्षा जास्त भरवसा आहे. पण तिथेही नाव न येणं हा नकार नव्हे.

टोरांटोच्या बाईंकडे येते. तुमच्या पत्राचा खरा गाभा तोच आहे.

बेटावरच्या लोकांचे आकडे फुगलेले असतात, हे आधी लक्षात घ्या. लहान गावं, चारशे-पाचशे वर्षं त्याच घरांतल्या सोयरिकी. चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यात लग्न करायचं तर चर्चची खास परवानगी लागायची, आणि लग्नाच्या नोंदींत ‘तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या रक्तसंबंधातून सूट’ असे शब्द वारंवार भेटतात. परिणाम असा की अझोर्सच्या माणसाला टेस्टमध्ये हजारो दूरचे भाऊबंद मिळतात आणि प्रत्येकाशी नातं चार-पाच वाटांनी असतं. साठ सेंटिमॉर्गन जुळले म्हणून कंपनी ‘तिसरं-चौथं चुलतनातं’ म्हणते. उघडून पाहावं तर सगळ्यात लांब तुकडा बाराचा, बाकी चुरा. असे चुरे कितीही जमले तरी जवळचं नातं होत नाही. म्हणून बेटावरच्या वंशाचा शोध घेणाऱ्या प्रत्येकानं एकूण आकड्याआधी सगळ्यात लांब तुकडा पाहावा.

तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत तो तुकडा ७१चा आहे. हा चुरा नाही. ४३० आणि ७१ असं दोन्ही एकत्र असताना, ‘बेटावर सगळेच नातेवाईक असतात’ असं म्हणून हे बाजूला सारता येणार नाही. नातं अलीकडचं आहे, आजोबांच्या पिढीत कुठेतरी. बाईंची आई फ्लोरेसची, तेव्हा सासूबाईंच्याच बाजूनं असणार. तरी खात्री करा: त्या बाईंशी आणि नवऱ्याशी, अशा दोघांशीही जुळणारे जे समाईक नातेवाईक दिसतात, त्यांत सासऱ्यांच्या साओ मिगेलकडचं ओळखीचं कुणी नाही ना, एवढं पाहून घ्या.

मग शक्यता काय? एक अशी की सासूबाईंच्या वडिलांना निघण्याच्या सुमाराला तिथे एक मुलगी झाली, तीच टोरांटोच्या बाईंची आई. तसं असेल तर टोरांटोच्या बाई तुमच्या नवऱ्याच्या सावत्र मावशीची मुलगी, म्हणजे सावत्र मावसबहीण. या नात्यात सरासरी साडेचारशेच्या आसपास सेंटिमॉर्गन जुळतात. दुसरी अशी की त्या मुलीचे वडील आजोबांचे भाऊ होते. तेव्हा सरासरी सव्वादोनशेची असायला हवी, पण ४३०सुद्धा शक्यतेच्या बाहेर नाही, त्यात बेटावरचा फुगवटा धरला तर मुळीच नाही. आणखी एक-दोन मांडण्याही बसतात. म्हणजे आज घडीला तुमच्याकडे आजोबांचा ‘पुरावा’ नाही. दाट शक्यता आहे, एवढंच. ‘त्यांच्या वडिलांनी खोटं बोललं’ हे वाक्य तुम्ही मनात पक्कं करून टाकलंय. ते आधी सैल करा. आणि समजा मुलगी त्यांचीच होती, तरी वीस वर्षांच्या त्या मुलाला जहाजावर चढताना ते ठाऊक तरी होतं का? १९२१ आणि १९२४च्या कायद्यांनी अमेरिकेनं पोर्तुगालहून येणाऱ्यांची दारं जवळजवळ लावून घेतली. जो १९२०मध्ये आला त्याला बराच काळ परत जाऊन राहून पुन्हा येणं सोपं नव्हतं. मी त्यांची बाजू घेत नाहीये. मागे राहिलेल्या त्या पोरीनं आणि तिच्या आईनं काय सोसलं असेल याची कल्पना करवत नाही, आणि त्याचीच कळ तिच्या लेकीच्या त्या एका प्रश्नात आहे. पण शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला आपण अर्ध्या माहितीवर उभं करून जाब विचारू नये.

या दोन शक्यतांमधला फरक स्वच्छ दाखवेल अशी एकच व्यक्ती तुमच्या घरात आहे: सासूबाई. पहिली शक्यता खरी असेल तर टोरांटोच्या बाई त्यांच्या भाची लागतात आणि दोघींत साधारण आठ-नऊशे सेंटिमॉर्गन जुळतील. दुसरी खरी असेल तर चारशे-साडेचारशे. घरातली सगळ्यात वडीलधारी व्यक्ती टेस्टसाठी सगळ्यात मोलाची म्हणतात ती याचसाठी. प्रत्येक पिढीगणिक जुना डीएनए निम्मा गळून जातो. आणि नेमकं म्हणूनच तुमची जबाबदारी वाढते. ज्यांच्या लाळेत उत्तर आहे, त्यांना प्रश्न काय आहे हे माहीत नसताना नळीत थुंकायला लावायचं, हे मला कदापि पटणार नाही. ‘आजी, गंमत आहे, बघू या’ असं म्हणून किट पुढे करू नका. लेक चांगल्या मनानं तसं करू शकेल, म्हणून स्पष्ट लिहिते.

आणि ती फ्रेम. ऐंशीव्या वाढदिवसाला, सगळ्यांच्या समोर, वडिलांच्या नावाखाली अचानक एक नवी फांदी? नको. त्या बिचाऱ्या रडतील की हसतील, तेही त्यांना लोकांच्या नजरांखाली ठरवावं लागेल. लेकीला फ्रेम करायची असेल तर जेवढं कागदानं सिद्ध झालंय तेवढ्याचीच करावी, आणि ते काही कमी नाही.

सांगायचं का, हा तुमचा प्रश्न. मला वाटतं, हो. पण सांगायच्या आधी विचारायचं. आणि विचारायचं तुमच्या नवऱ्यानं. तुम्ही सून आहात म्हणून तुमचा अधिकार कमी आहे असं नव्हे. आईच्या वडिलांबद्दलची गोष्ट मुलाच्या तोंडून ऐकताना तिला कुणासमोर सावरून बसावं लागत नाही, एवढंच कारण. ‘जुनं उकरू नका’ असं ते म्हणतात, त्यांच्याशी याच मुद्द्यावर बोला: टेस्ट त्यांनी केली, निरोप त्यांना आला, तेव्हा उकरलं तर गेलंच आहे. आता गप्प राहिलो तर आपण सगळे जाणतो आणि फक्त आई जाणत नाही, अशी घरात एक भिंत उभी राहील. शिवाय टोरांटोच्या बाईंचंही वय चौऱ्याहत्तर आहे.

निवांत दुपारी, दोघंच असताना त्यांनी एवढं म्हणावं: “आई, टेस्टमध्ये फ्लोरेसकडचं एक जवळचं नातं निघालंय. तुझ्या वडिलांच्या तिथल्या दिवसांशी त्याचा संबंध असू शकतो. तुला ऐकायचंय? आज नको असेल तर नको, कधीच नको असेल तरी चालेल.” आणि मग थांबावं. अनेकदा म्हाताऱ्या माणसांना आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ ठाऊक असतं. त्यांनी ‘नको’ म्हटलं तर विषय तिथे संपला, टेस्टही नाही. ‘हो’ म्हणाल्या तर आधी शक्यता सांगा, आकडे नंतर.

टोरांटोला मात्र उत्तर आजच पाठवा. सासूबाईंचा होकार येईपर्यंत त्या बाईंना ताटकळत ठेवणं बरं नाही, आणि गप्प बसल्याचा अर्थ त्या झिडकारणं असाच काढतील. सासूबाईंचं नाव, पत्ता, फोटो यातलं काही न देता असं लिहिता येईल: “तुमचा निरोप मिळाला. नातं जवळचं आहे असं आम्हालाही दिसतंय, आणि आमच्याकडचं एक माणूस त्या सुमाराला फ्लोरेसहून आलं हेही खरं आहे. घरात एक वडीलधारी व्यक्ती आहे, तिच्याशी बोलल्याशिवाय याहून जास्त सांगणं योग्य होणार नाही. थोडा वेळ द्या. दरम्यान तुमच्या आईचं गाव आणि जन्माची तारीख कळवाल का?” यात खोटं काही नाही आणि कुणाचं गुपितही फुटत नाही. सासूबाईंनी पुढे नकार दिला, तर तसंही त्या बाईंना प्रेमानं कळवा. ‘आमच्याकडून एवढंच शक्य आहे’ हे वाक्यसुद्धा माणसाला मोकळं करतं.

आता लेकीच्या उत्साहाला खरं काम देऊ या. बेटाचं आणि गावाचं नाव ठामपणे सांगतात ते चर्चचे बाप्तिस्मा-लग्न-मृत्यूचे रजिस्टर. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत पणजोबांची सही सापडते तसंच हे, फक्त इथे घरबसल्या आणि फुकट. अझोर्सच्या प्रादेशिक सरकारच्या ‘सेंत्रो द कोन्येसिमेंतो’ या संकेतस्थळावर बेट, तालुका आणि गाव निवडून रजिस्टरची पानं उघडता येतात. मदेराच्या लोकांसाठी फुंशालच्या प्रादेशिक अभिलेखागाराचं असंच काम आहे. १८६०नंतरच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तर बहारीच्या: आईबापांची नावं, त्यांची गावं, दोन्हीकडचे आजी-आजोबा, धर्मपिता-धर्ममाता सगळं एका परिच्छेदात. आजोबा १९००च्या आसपास जन्मले असतील तर फ्लोरेसच्या पोंता देल्गादाच्या रजिस्टरमध्ये त्या दोन-चार वर्षांची पानं चाळायची. नोंद सापडली की एका फटक्यात तीन पिढ्यांचं काम झालं. समासात बारीक अक्षरांत नंतरचं काही लिहिलंय का तेही पाहायचं. टोरांटोच्या बाईंच्या आईची नोंद मात्र १९११नंतरची, म्हणजे सरकारी जन्मनोंदणीतली असणार. वडिलांनी पुढे मूल आपलं म्हणून कबूल केलं असेल तर ती नोंदही समासात असू शकते. ते कागद त्या बाईच मागवू शकतील. तुम्ही त्यांच्या वतीनं शोधू नका.

एक इशारा. आडनावावर विसंबू नका. बाप्तिस्म्यात मुलाला नुसतं पहिलं नाव मिळायचं, आडनाव मोठेपणी यायचं. कधी बापाचं, कधी आईचं, तर कधी आजोबाचं. सख्ख्या भावांची आडनावंही निराळी असू शकतात. बायकांच्या नावापुढे ‘द जेझुश’, ‘दु कोरासांव द जेझुश’ येतं ते आडनाव नसून भक्तीचं नाव असतं. त्यात अमेरिकेत आल्यावर परेराचा पेरी आणि रॉड्रिग्जचा रॉजर्स झाला. नावापेक्षा गाव धरून चाला.

तुम्ही विचारलं नाहीत तरी फ्लोरेसचं नाव आल्यामुळे एक गोष्ट लिहिते. मचाडो-जोसेफ नावाचा मज्जासंस्थेचा एक आनुवंशिक आजार अझोर्सच्या वंशातल्या अमेरिकन कुटुंबांवरून ओळखला गेला आणि फ्लोरेसवर त्याचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त आढळतं. मोठेपणी तोल जाऊ लागतो, चाल अडखळते, बोलणं जड होतं. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. सासूबाईंच्या माहेरी असं कुणाला झाल्याचं कुणाच्याही आठवणीत नसेल तर हे वाचून पुढे जा, झोप उडवून घेऊ नका. तसं कुणी होतं असं निघालं, तर घरगुती किट इथे उपयोगाचं नाही, त्यात हा दोष दिसत नाही. आनुवंशिक समुपदेशकाकडे जायचं, आणि प्रौढ माणसानं स्वतः ठरवून जायचं.

शेवटी लेकीचं स्वतःचं. बाबाच्या मागोमाग तीही टेस्ट करायची म्हणेल. तिनं केली तर तिच्या डीएनएचा निम्मा वाटा तुमचा, म्हणजे सांगलीच्या तुमच्या भावंडांचाही काही भाग त्यात आला. त्यांना आधी कळवा. हा डेटा कंपनीच्या हाती राहतो आणि कंपन्या कायम टिकत नाहीत: ट्वेंटीथ्री-अँड-मीमधून २०२३मध्ये जवळजवळ ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली, मार्च २०२५मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली आणि लाखोंचा डीएनए कुणाच्या ताब्यात जाणार याची चर्चा सुरू झाली. बेटाचा शोध घ्यायला तिच्या टेस्टची गरजही नाही. बाबाच्या निकालात तिच्या अझोर्सकडचं सगळं आहे, उलट दुप्पट आहे. ती अठरा पूर्ण झाल्यावर तिचं तिला ठरवू द्या. तोवर तिला पोंता देल्गादाचं रजिस्टर उघडून द्या. जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर लावायला आठवडाभर त्रास होईल, पण प्रत्येक नोंदीचा साचा तोच असल्यानं नंतर डोळा बसतो. मार्चपर्यंत पणजोबांची नोंद सापडली तर तेवढंच पान मोठं छापून फ्रेममध्ये लावा.